मोफत वकिली करायची तर मोजकी प्रकरणं घ्या आणि शेवटपर्यंत न्या

प्रश्न: ‘मी तीन वर्षांपासून मुंबईत वकिली करतोय, सध्या एका सीनियरांच्या चेंबरमध्ये ज्युनियर आहे. वस्त्यांमधल्या, चाळींमधल्या माणसांसाठी मोफत काम करायची इच्छा आहे, पण आठवड्यातली एखादी संध्याकाळच मोकळी मिळते. एवढ्याने कुणाचं खरंच काही भलं होतं का? की अशा लोकांना सरळ सरकारी विधी सेवेकडे पाठवावं? सुरुवात कुठून करू?’

आठवड्यातली एक संध्याकाळ पुरते. त्या संध्याकाळी तुम्ही काय करता यावर सगळं अवलंबून आहे. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ते तपासून बघता येईल. वस्तीत टेबल मांडून रांगेतल्या प्रत्येकाला पाच मिनिटं सल्ला देणारे वकील या शहराला पुष्कळ मिळतात. वर्षाला चार-पाचच प्रकरणं घेऊन ती निकालापर्यंत, आणि निकालानंतर वसुलीपर्यंत नेणारे फार थोडे. गरज या दुसऱ्यांची आहे. गरीब माणसाचं नुकसान सल्ल्याअभावी होतं त्यापेक्षा जास्त मुदत टळल्याने आणि तारखेला कुणी उभं न राहिल्याने होतं. निदान माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला तरी हेच दिसत आलंय.

विधी सेवेकडे पाठवावं का? जरूर पाठवा, पण नुसता पत्ता हातात देऊन नको. तिथं जाण्याचा त्यांचा हक्क नेमका काय आहे हे तुम्हाला तोंडपाठ हवं, कारण अनेकांना कुणीतरी चुकीचं सांगून आधीच परत पाठवलेलं असतं.

राज्यघटनेत मोफत विधी साहाय्याचा अनुच्छेद ३९-अ आला १९७६ च्या दुरुस्तीने. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो ते आहे, आणि ते कलम लोक समजतात त्याहून बरंच उदार आहे. बाई असेल तर उत्पन्न बघायचंच नाही. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, लहान मूल, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेला माणूस, कोठडीत किंवा तुरुंगात असलेला कोणीही, यांनाही उत्पन्नाची अट नाही. उरलेल्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. ‘तुमचा नवरा कमावतो ना, मग तुम्हाला मोफत वकील मिळणार नाही,’ असं ऐकून घरी गेलेली बाई तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. तिला कलम १२ वाचून दाखवा.

उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. तहसीलदाराच्या दाखल्यासाठी माणसं दोन-दोन आठवडे रोजगार बुडवून फिरतात. कायद्याचं कलम १३ सांगतं की उत्पन्नाबद्दलचं अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, प्राधिकरणाला त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तर गोष्ट वेगळी. लिहिता-वाचता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेऊन त्यावर अंगठा घेण्याची तरतूद २०१० च्या नियमावलीत आहे. मोफत मदत म्हणजे फक्त वकिलाची फी नव्हे. कोर्ट-फी, समन्स बजावणीचा खर्च, टायपिंग, नकला, भाषांतर हेही त्यात येतं. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या, म्हणजे त्यांच्या यादीतल्या, वकिलाने पक्षकाराकडून झेरॉक्ससाठीसुद्धा पैसे मागायचे नसतात.

मुंबईत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं दोन आहेत, शहराचं वेगळं आणि उपनगराचं वेगळं. उच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी तिथली स्वतंत्र समिती आहे. फोनवर विचारायचं तर १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक. सायनचा माणूस बांद्र्याला आणि सांताक्रूझचा फोर्टला गेला, तर त्याचा एक दिवस आणि बहुधा एका दिवसाची मजुरी जाते. तुमचं पहिलं मोफत काम हेच धरा: योग्य कार्यालय, भरलेला अर्ज, सोबत लागणारे कागद, आणि जमलं तर बरोबर एक माणूस. पुढे पॅनेलचा वकील नेमला गेला की त्याच्याशी बोलून प्रकरण समजावून द्या. पॅनेलवरच्या वकिलांना मिळणारी फी तुटपुंजी असते, त्यांच्या हातात प्रकरणं भरपूर असतात. तरीही त्यांतले कितीतरी जण मनापासून उभे राहतात. त्यांना कमी लेखणारा सूर कधी लावू नका. नेमलेला वकील खरोखरच तारखांना येत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवून बदलून मागता येतो. तो अर्ज लिहून देणं हेही तुमचंच काम.

आता वस्तीतल्या त्या संध्याकाळबद्दल. समाजमंदिरात, बालवाडीच्या खोलीत, मंडळाच्या कार्यालयात बसाल. माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतील आणि गोष्ट लग्नापासून किंवा गाव सोडलं तिथपासून सुरू करतील. थोडा वेळ ऐकाच, मध्ये तोडू नका, कारण त्यांचं असं कुणी ऐकलेलं नसतं. मग पिशवी मागून घ्या आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावा. प्रत्येक कागदावर दोन गोष्टी बघा: तो कधी निघाला आणि यांच्या हाती कधी पडला. मुदत तिथूनच मोजायची असते.

महापालिकेची कलम ३५१ ची नोटीस घ्या. बांधकाम अनधिकृत का समजू नये याचं कारण दाखवा, असं त्यात म्हटलेलं असतं, आणि उत्तराला बहुधा सात दिवस असतात. नोटीस दारावर चिकटवलेली असते, घरातला शाळकरी मुलगा ती वाचतो, बाप ती घेऊन आधी नगरसेवकाच्या ऑफिसात जातो, मग ओळखीच्या एजंटाकडे. तुमच्यापर्यंत येईतो पाच दिवस गेलेले असतात. अशा नोटिशीवर दिवाणी दावा लावण्याची वाट कायद्याने अरुंद केली आहे, म्हणून लेखी उत्तर हाच खरा बचाव. त्याच रात्री उत्तर लिहा, पुरावे जोडा, दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात देऊन पोचीचा शिक्का घ्या. शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा, पुढच्या सगळ्या लढाईला तीच लागते. ‘साहेबांना भेटून सांगितलंय’ याला कागदावर काहीही किंमत नाही, हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं.

झोपडपट्टी पुनर्वसनात सगळा खेळ परिशिष्ट-२ चा. त्या यादीत नाव पात्र आहे की अपात्र, यावर कुटुंबाचं घर ठरतं. मोफत घराच्या पात्रतेची तारीख १ जानेवारी २०००. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आली. अपात्र ठरलेल्याला अपील करता येतं, पण यादी फलकावर लागली हे त्याला कळेपर्यंत मुदत सरकत असते. आणि पुरावे? कुर्ला, कालिना, साकीनाका भागातल्या घराघरांतून तुम्हाला एकच उत्तर मिळेल, ‘२६ जुलैला सगळं वाहून गेलं.’ २००५ च्या त्या पुराने माणसांच्या घरांबरोबर त्यांची कागदोपत्री ओळखही नेली. ती पुन्हा उभी करणं हे चिकाटीचं काम आहे आणि ते स्वयंसेवक वकिलानेच करण्यासारखं आहे, कारण फी घेणाऱ्याला त्यात वेळ घालवणं परवडत नाही. जुन्या मतदार याद्यांचे प्रमाणित उतारे, वीज कंपनीकडून जोडणीची तारीख, मुलांच्या शाळेच्या रजिस्टरमधला पत्ता, रेशन कार्यालयातली नोंद, पालिका रुग्णालयाचा केसपेपर. कुणाकडे १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतरचा फोटोपास निघाला तर तो सोन्यासारखा. लोक प्रेमाने असे कागद लॅमिनेट करून आणतात. त्यांना सांगा, मूळ कागद लॅमिनेट करू नका, न्यायालयात मूळ प्रत तपासायची वेळ आली की अडचण होते.

भाड्याच्या खोलीचे तंटे तुलनेने सोपे असतात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. एवढं एक कलम नोटिशीत लिहिलं तरी अनामत रक्कम पुष्कळदा परत येते.

ज्यासाठी मी हे उत्तर इतकं लांबवून लिहितेय तो विषय म्हणजे बायकांच्या पोटगीचा. पोटगीचा हुकूम मिळाला की मोफत मदत संपली असं सगळे धरून चालतात. वकील पुढच्या प्रकरणाकडे वळतो, संस्था फाइल बंद करते. खरं काम तिथून सुरू होतं. माझ्याकडे एक घरकाम करणाऱ्या ताई आल्या होत्या. महिना चार हजार रुपये पोटगीचा हुकूम त्यांच्याकडे चार वर्षांपासून पडून होता. नवऱ्याने पहिले दोन महिने दिले आणि थांबला. कुणीतरी सांगितलं होतं, ‘हुकूम आहे ना, पैसे कुठे जातात, एकदम मिळतील.’ कायदा असं म्हणत नाही. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये तीच अट आहे: वसुलीचं वॉरंट हवं तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायला हवा. म्हणजे त्यांच्या जवळपास तीन वर्षांच्या पोटगीवर या मार्गाने पाणी सोडावं लागलं, मागच्या बारा महिन्यांचीच वसुली लावता आली. तारखेला जाऊन हुकूम मिळवणारी ही बाई कायद्यापुढे हरलेली नव्हती. तिला कुणी वर्षाची गोष्ट सांगितली नव्हती, इतकंच. एकदा अर्ज दाखल झाला की तो चालू असताना साचणारी थकबाकी त्यातच धरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमच्या हातून पोटगीचा हुकूम झाला की त्याच दिवशी डायरीत अकराव्या महिन्यावर खूण करा आणि त्या ताईंना फोन करा. एवढं काम केलंत तरी तुमची मोफत वकिली सार्थकी लागली असं मी मानीन.

पोटगीचं प्रकरण लढवताना २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल हाताशी ठेवा. तो आपल्याच राज्यातल्या प्रकरणातून आला. दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हे त्याने घालून दिलं. ते प्रतिज्ञापत्र लांबलचक असतं, धुणीभांडी करणाऱ्या बाईला ते एकटीने भरता येत नाही. एक पूर्ण संध्याकाळ तिच्याबरोबर बसा. नवरा कुठे काम करतो, गाडी कुणाच्या नावावर आहे, गावच्या सातबारावर त्याचं नाव आहे का, विमा-पतपेढी काय आहे, हे तिलाच ठाऊक असतं, फक्त कुणी नीट विचारलेलं नसतं.

‘रूम सासूच्या नावावर आहे, त्यामुळे तुला तिथं राहण्याचा हक्क नाही’ हेही रोज ऐकाल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सांगितलं. दहा बाय बाराच्या खोलीत हा हक्क कसा बजावायचा हा अवघड प्रश्न आहे आणि प्रत्येक बाईचं उत्तर वेगळं असतं. काहींना तिथेच राहायचं असतं, काहींना वेगळ्या भाड्याचे पैसे हवे असतात, काहींना फक्त मार थांबायला हवा असतो. तिला काय हवं ते तिला एकटीला विचारा. भावासमोर, वस्तीतल्या कार्यकर्त्यासमोर, तिला घेऊन आलेल्या शेजारणीसमोरसुद्धा नको. पोटगी, मालमत्ता, हिंसाचार, घटस्फोट या प्रकरणांत राज्य सरकारने १९९४ च्या अधिसूचनेने बायकांना कोर्ट-फी माफ केलेली आहे, तेव्हा स्टॅम्पसाठी तिचे पैसे जाऊ देऊ नका. शिवाय या कामात तुम्ही एकटे नाही. पोलिसांच्या यंत्रणेत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईतच सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे, पालिका रुग्णालयांत हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा केंद्रं आहेत. तिथल्या समुपदेशक ताई कायद्याबाहेरची बाजू तुमच्यापेक्षा चांगली सांभाळतात.

अटकेच्या प्रकरणांत हात घालायचा असेल तर आधी सीनियरांबरोबर रिमांड, म्हणजे अटकेतल्या माणसाच्या कोठडीची सुनावणी, बघा. या बाबतीत मुंबईचं ऋण सगळ्या देशावर आहे. इथल्या पोलीस कोठड्यांतल्या बायकांची अवस्था पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवली. त्यावर १९८३ मध्ये जे आदेश निघाले त्यात, कुणाला अटक होऊन कोठडीत आणलं की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला लगेच कळवावं, असं होतं. त्याआधी १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवतींनी मोफत वकिलाचा हक्क जगण्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१ मध्ये आणला होता. त्यांचे वडील न्यायमूर्ती एन. एच. भगवती १९४९ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या विधी साहाय्य समितीचे अध्यक्ष होते, हे फार जणांना माहीत नसतं. मग २०१२ मध्ये अजमल कसाबच्या अपिलाचा निकाल देताना न्यायालयाने सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जातं तेव्हाच, तुला वकील मिळण्याचा आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने मिळण्याचा हक्क आहे, हे दंडाधिकाऱ्यांनी त्याला सांगायलाच हवं. ज्या माणसाने या शहरावर गोळ्या झाडल्या त्याच्या खटल्यातही हा हक्क पातळ केला गेला नाही. चोरीच्या संशयावरून उचललेल्या पोराबाबत तो सैल सोडायचा नाही, एवढं तरी आपण नक्की करू शकतो.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं घरच्यांना वाटतं. आर्थर रोड आणि भायखळ्याच्या तुरुंगात जामीन होऊनही जामीनदाराअभावी अडकलेली माणसं असतात. घर भाड्याचं, गाव बिहार किंवा बीड, मालक जामीन राहायला तयार नाही. अशा वेळी ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश काढा. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आहे. महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा, हा आग्रह सुटकेला उशीर लावतो, असंही त्यात नमूद आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी त्यातून आर्थिक मदत मिळू शकते. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर त्याला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडायचं असतं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये आहे. आधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ आत काढला असेल तर कलम ४७९ बघा, मात्र त्याला काही अपवाद आहेत, ते पूर्ण वाचा. आणि आरोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा अर्ज त्याच दिवशी हवा. आरोपपत्र आधी दाखल झालं की तो हक्क गेला. ही तारीख आरोपीच्या आईला समजणार नाही, तुम्हालाच मोजत राहावी लागेल.

जुनी, अडकलेली प्रकरणंही तुमच्याकडे येतील. ‘आधीचे वकील फोन उचलत नाहीत,’ एवढंच त्यांना माहीत असतं. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर प्रकरण शोधा, रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, पहिल्या तारखेपासून वाचा. कित्येकदा एकतर्फी हुकूम होऊन गेलेला असतो आणि पक्षकार तरीही ‘तारीख पडेल’ म्हणून वाट बघत असतो. आधीच्या वकिलांकडून ना हरकत मागताना सौजन्य सोडू नका, एक फोन, मग एक पत्र. फी राहिली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच ठरवलं आहे. बहुतेक वेळा तेवढ्या आठवणीवर फाइल मिळते.

लोकअदालतीबद्दल माझी भूमिका स्पष्ट आहे. बँकेचं कर्ज, अपघाताची भरपाई, वीजबिल, किरकोळ देणी यांत ती फार उपयोगी. प्रकरण मिटतं आणि भरलेली कोर्ट-फी परत मिळते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक अट पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवा, आकडा त्याच्याच तोंडून वदवून घ्या, आणि मनात शंका दिसली तर ‘आज नको’ म्हणायची मुभा त्याला आहे हे ठामपणे सांगा. मार खाणाऱ्या बाईचं प्रकरण केवळ आज मिटतंय म्हणून मिटवायला मी कधीच सुचवत नाही.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. कागद न बघता फोनवर सल्ला देऊ नका. ‘नक्की जिंकू’ म्हणू नका, गरीब माणूस त्या शब्दावर कर्ज काढतो. इंग्रजीत लिहिलेल्या दाव्यावर किंवा प्रतिज्ञापत्रावर मराठीत, हिंदीत समजावून सांगितल्याशिवाय सही घेऊ नका. उलटतपासणीत ‘यात काय लिहिलंय मला ठाऊक नाही’ असं पक्षकार म्हणाला की चांगलं प्रकरण तिथेच पडतं. वस्तीतल्या एखाद्या नेत्याच्या ऑफिसात कायमचं बसू नका, कारण त्याच्याविरुद्ध तक्रार असलेला माणूस तुमच्याकडे येणारच नाही. आणि पैसे घेऊ नका, चहाच्या पलीकडे काहीही नको. आपल्या आचारसंहितेतल्या नियम ४६ नुसार निर्धन माणसाला मोफत मदत करणं हे वकिलाच्या समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. ते तुम्ही कुणावर उपकार म्हणून करत नाही, हे त्यांना तुमच्या वागण्यातून दिसू द्या.

सुरुवातीचं विचाराल तर आधी एकच विषय निवडा. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचार, किंवा जामीन, किंवा घर. सगळं करायला गेलात तर मुदती सुटतील. ज्या भागात राहता त्याच्याच जवळची वस्ती आणि त्याच हद्दीचं न्यायालय धरा. बोरिवलीला राहून भोईवाड्यातली तारीख सांभाळणं दोन महिने जमतं, मग गाडी चुकते. तिथं आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या संघटनेबरोबर किंवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकांबरोबर दोन-चार संध्याकाळी नुसतं बसा, कोण कुणाला कुठे पाठवतं ते कळेल. पॅनेलवर येण्यासाठी साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमचा झालेला आहे, तेव्हा जिल्हा प्राधिकरणाकडे अर्जही करून टाका.

त्याआधी तुमच्या सीनियरांशी बोला. मोफत प्रकरणाची तारीख तुमच्या डायरीत इतर तारखांसारखीच लिहिली जाईल आणि त्या सकाळी तुम्हाला कुर्ल्याला किंवा अंधेरीला जाऊ द्यावं लागेल, हे आधीच सांगून ठेवा. बहुतेक सीनियर हो म्हणतात, कित्येक जण तर अवघड मुद्द्यावर स्वतः उभे राहतात. तुमचे नाही म्हणाले, तर तारखांची प्रकरणं सध्या घेऊ नका. नोटिशींना उत्तरं, पुराव्यांची जुळवाजुळव, प्राधिकरणाचे अर्ज आणि वसुलीच्या मुदतींची वही, एवढं संध्याकाळच्या वेळात पूर्ण होतं.